बारा डबे, एक ढोली

आरमोरी, ता. १० जानेवारी १९५४

सौ. शकुबाई,

वर आशीर्वाद लिहायला घेतले होते, पण सध्या माझे आशीर्वाद तू उलट टपालानं परत पाठवशील अशी धास्ती वाटते, म्हणून थेट मजकुरावर येतो.

तुला माहेरी मूलला जाऊन आज तेवीस दिवस झाले. मी रागावलेलो नाही. रागावलो असतो तर पत्रच लिहिलं नसतं, आणि लिहिलंच असतं तर ते तुझ्या भावाच्या नावानं लिहिलं असतं. गुणवंतरावांना माझा नमस्कार सांग. राइस मिलच्या मुनीमगिरीतून फुरसत मिळाली तर त्यांनी बहिणीला चार समजुतीच्या गोष्टी सांगाव्यात, अशी माझी त्यांना विनंती आहे.

मायचं मात्र नवल वाटतं. बायको रुसून माहेरी जाते हे सगळ्या आरमोरीनं पाहिलेलं आहे. पण बायकोबरोबर नवऱ्याची आईसुद्धा सुनेच्या माहेरी निघून जाते, हे या मुलखात पहिल्यांदाच घडलं. मी तिला विचारलं, काऊन? तर म्हणाली, हवा पालटते. मूलची हवा आणि आरमोरीची हवा यांत काय फरक आहे? दोन्हीकडे धानाचा कोंडाच उडतो. भैयाजी हेडक्लार्क रोज विचारतात, "काय नानाजी, घरची मंडळी आली का?" आणि मिशीत हसतात. त्यांना हसायला काय जातं.

आता दोष कोणाचा ते नीट मांडून पाहू. मी कचेरीत दप्तर लावतो. अक्षरवार दप्तर लावण्यात माझा हात धरणारा माणूस इथे नाही, हे भैयाजीही कबूल करतात. अशा माणसानं घरी येऊन तुझी चुलीजवळची फळी रोज पाहायची! मीठ मातीच्या बोळक्यात, साखर पितळी डब्यात, हळद बांबूच्या नळीत. तिखट सगळ्यांपासून दूर एका विटेवर, जसं काही वाळीत टाकलंय. काहींच्या गळ्यात दोरे, दोऱ्यांना गाठी. आणि फळी एवढी खाली की तुझ्यासारख्या उंच बाईला कमरेत वाकावं लागे. मी हे सगळं तुझ्या सोयीसाठीच बदललं. पत्र्याचे बारा सारखे डबे करवून आणले, त्यांवर वळणदार अक्षरात चिठ्ठ्या चिकटवल्या, फळी हातभर वर ठोकली आणि ओव्यापासून हळदीपर्यंत सगळं अक्षरवार लावून दिलं. दोरे कापून फेकले. जिन्नस नव्या डब्यांत ओतून जुनी भांडी माळ्यावर टाकली, त्यांत एकदोन लहान डब्या तर न उघडताच गेल्या. दुसरी बाई असती तर शेजारीपाजारी सांगत सुटली असती.

आणि त्याच आठवड्यात भैयाजी जेवायला आले असताना नव्या चिन्नोर तांदळाच्या खिरीत मीठ! मी पाहुण्यांपुढे बोललो, ते जरा जास्तच बोललो. डब्यावर नाव लिहून दिलं तरी साखर ओळखता येत नाही, मग चार बुकं शिकलीस कशाला, असं काहीतरी म्हणालो. तू खाली मान घालून उभी राहिलीस. माय कोपऱ्यात बसली होती. सकाळी दोघी गाडीत.

गाडीत बसल्यावर तू जे म्हणालीस ते मी विसरलेलो नाही. "माही जुनी मांडणी तशी काऊन होती ते ओळखून लिवा. ज्या दिवशी बरोबर लिवाल त्या दिवशी आमी दोघी येतो. तवरिक नाई."

ठीक आहे. एवढंच ना? माझं उत्तर असं: तुझ्या माहेरून आलेली भांडी चुलीजवळ, आमच्या घरची दूर. बायकांचं माहेर सुटत नाही. बरोबर ओळखलं की नाही? तेव्हा या रविवारच्या गाडीनं यावं.

नानाजी

ता. क. घर ठीक आहे. कचेरीतून आलो की दारात सवयीनं हात पुढे होतो, माय त्यावर गूळ-फुटाणे ठेवायची म्हणून. हात तसाच राहतो. बाकी ठीक.


कोसमटोला, ता. ३ फेब्रुवारी १९५४

सौ. शकुबाई,

तुझं कार्ड मिळालं. अख्ख्या कार्डावर एक शब्द: "नाई." पत्त्याची बाजू जास्त भरलेली होती. पोस्टमननं ते मला देताना वाचलेलं होतं, हे त्याच्या तोंडावरून दिसत होतं.

मी सध्या आरमोरीत नाही. कुरखेड्याकडच्या जंगलात, कोसमटोला नावाच्या गोंडांच्या गावात माझा मुक्काम आहे. पंचवीस घरं, एक विहीर आणि बाकी सगळं झाड. मालगुजारी-जमीनदारी गेली, हे तुला ठाऊक आहे. आता कोणत्या गावानं जंगलातून काय काय आणायचं, ते सरकार कागदावर लिहून घेत आहे. त्याला निस्तार म्हणतात. जे कागदावर आलं ते गावाचं. जे राहून गेलं त्यासाठी उद्या जंगलाचा नाकेदार परवाना मागेल आणि पावती फाडेल. साहेबांनी सांगितलं, नानाजीचं दप्तर चोख असतं, त्यालाच पाठवा. मार्च संपायच्या आत यादी द्यायची आणि ती एका ताव कागदात बसवायची.

मी गावच्या पाटलाला, इतवारीला, पुढे बसवून तीन दिवसांत एकशे त्रेचाळीस नावं लिहून काढली. आवळा, ऐन, कांदे म्हणजे जंगलातले, चारोळी, टेंभरं, टोळ, डिंक, पळसाची पानं, बांबू, बेहडा, मोह, वास्ते. सगळं अक्षरवार. वाचून दाखवलं तर गावकरी गप्प बसले. मला वाटलं, भारावले. मागच्या बाजूला सुकरी नावाची एक म्हातारी बसली होती, ती मात्र हसली आणि शेजारणीला गोंडीत काहीतरी बोलली. शेजारीणही हसली. मी इतवारीला अर्थ विचारला तर तो म्हणाला, "काई नाई बाबू, तिले असंच हासू येते."

आता तुझं कोडं. मी पुन्हा विचार केला. रोज लागणाऱ्या वस्तू हाताशी, कधीमधी लागणाऱ्या लांब. मीठ रोज लागतं म्हणून अलीकडे. हे बरोबर असलंच पाहिजे, दुसरं काय असणार? पण मग तिखटाचं काय, हा प्रश्न राहतो. तिखट तर आपल्याकडे मिठाहून जास्त लागतं आणि ते वाळीत. असो. तू ये, मग तिखटाचं बघू.

मायला विचार, खोकला कसा आहे. आणि तिला म्हणावं, कोणत्याही पक्षात जायला हरकत नाही, पण मुलाच्या विरुद्ध पक्षात जाऊ नये.

नानाजी


कोसमटोला, ता. २४ फेब्रुवारी १९५४

शकू,

दुसरं कार्ड पोचलं. "नाई. मायचा खोकला गेला." या वेळी चार शब्द आले, म्हणजे प्रगती आहे.

पण आज मला चेष्टा सुचत नाही. माझी यादी साहेबांकडून परत आली. साहेब जबलपूरकडचे आहेत, माणूस वाईट नाही, कागद मात्र बारकाईनं पाहतात. त्यांनी समासात लाल शाईनं लिहिलं आहे: "नावं पुष्कळ आहेत. या गावाला जंगल कशासाठी लागतं ते मात्र कळत नाही. एका तावात बसवा." आणि नमुन्यादाखल वीसेक नावं स्वतःच खोडून दिली आहेत. दहा वर्षांत माझ्या कागदावर लाल शाई पडली नव्हती. मी ती घडी करून खिशात ठेवली.

संध्याकाळी खोडलेली नावं गावाला वाचून दाखवणं भाग होतं. "टोळ" वाचलं आणि सुकरी उठून उभी राहिली. तुला सांगायला नको, मोहाचं फूल वेचून झालं की त्याच झाडाला जे फळ येतं ते टोळ, त्याचं तेल काढतात. हे मला ठाऊक होतं गं! या मुलखातल्या माणसाला हे ठाऊक नसेल का? पण माझ्या यादीत टोळ ट-मध्ये आणि मोह म-मध्ये, मधे सत्तर ओळी. साहेबांना ती दोन झाडं वाटली. एक ठेवलं, एक खोडलं. सुकरी माझ्यासमोर येऊन म्हणाली, "बाबू, झाड एकच हाय. फूल आमचं अन् फळ सरकारचं काऊन?"

सगळी चावडी माझ्याकडे पाहून राह्यली होती. बघ, रागात आणि लाजेत लेखणी घसरते आणि घरची बोली येते. मी एवढंच म्हणालो की पुन्हा लिहितो. रात्री पडल्या पडल्या मात्र हाच विचार की पुन्हा म्हणजे कसं? अक्षरवार लावण्यापलीकडे मला काही येतच नाही. आणि मी चुकलो तर उद्या ही म्हातारी आपल्याच मोहाखाली टोळ वेचताना नाकेदाराच्या हाती सापडेल.

तुझ्या कोड्याला आज उत्तर नाही. घरच्या गोष्टी आठवत बसतो, तेवढंच. तू मायला फार लाडावून ठेवलंस, हे मी तुला केव्हाचं सांगणार होतो. दोन वर्षांपासून ती तांदूळ निवडत नाही, सूपसुद्धा हातात घेत नाही. कीर्तनाला बोलावलं तर गुडघे दुखतात म्हणते आणि घरात मात्र तुरुतुरु फिरते. स्वयंपाकघराबाहेर तुझा हात सोडत नाही. सुनेनं सासूची एवढी सरबराई केली की सासू अशीच वागणार. तुमच्या दोघींचं गूळपीठ पाहून मला कधीकधी हेवा वाटायचा. आता इथे बसून तो जास्तच वाटतो. हे मी तोंडानं म्हटलं नसतं, कागदावर लिहून गेलो. राहू दे.

नानाजी


कोसमटोला, ता. १६ मार्च १९५४

प्रिय शकू,

आज पत्र मोठं होणार आहे. चहा पुढ्यात घेऊन बस, आणि मायला जवळ बसवू नकोस. का ते पुढच्या पत्रात लिहीन, अजून माझं मलाच पुरतं उमगलेलं नाही.

इथे मोह पडायला लागला आहे. पहाटे पहाटे बायका टोपल्या घेऊन झाडाखाली जातात आणि सगळ्या गावाला तो गोड, जड वास येतो. मी सुकरीच्या मागे लागलो होतो, सांग बाई, एकशे त्रेचाळीस वस्तू तुम्ही लक्षात कशा ठेवता? मला वाटलं, काही म्हणी असतील, काही गाणं असेल, ते उतरवून घ्यावं. ती म्हणाली, "लक्षात कायले ठेवाचं? ढोली सांगते नं."

मग तिनं मला घरात नेलं. कोपऱ्यात तिची धानाची ढोली होती, बांबूची विणलेली, शेणमातीनं लिंपलेली, माणसाच्या छातीएवढी उंच. बोटांची पेरं मुडपून ती ढोलीवर वरून खाली ठोकत आली. वर पोकळ आवाज आला, कमरेपाशी भरीव झाला. "आता धान इथवर हाय," ती म्हणाली. "मंग बाहीर काय पडून राह्यलं?" मी म्हटलं, मोह. तिनं मान हलवली. मास्तर पोराचं उत्तर बरोबर आलं की हलवतो तशी.

मग ती छातीपासून सुरू झाली. ढोली भरलेली असते तेव्हा पोटाची चिंता नसते, म्हणून तेव्हा घराचं बघायचं. बांबू, कुडाच्या काड्या, छपराचं गवत, नांगराचं लाकूड हे सगळं पूस-माघात, धान छातीशी असताना. धान कमरेवर आलं की हात राखून खायचं आणि मोह, चारोळी आणि तेंदूची टेंभरं आणायची. गुडघ्यावर आलं की जेठ लागतो, तेव्हा टोळ: तेल काढायचं, पावसाळ्यात दिव्याला आणि कढईला तेच. आणि श्रावणात ढोलीच्या बुडावर सूप खरवडल्याचा आवाज आला की वास्ते म्हणजे बांबूचे कोंब, सात्या म्हणजे रानातल्या अळंब्या, रानकांदे, पानांच्या भाज्या. "तवा जंगलच ढोली," ती म्हणाली. "कार्तिकात धान आलं की आमी पुना याच ढोलीपाशी."

शकू, तुला खरं सांगतो, तीन दिवस मी लिहून घेतलेली तीच नावं, एकही नवं नाही. पण आधी ती रस्त्यावर सांडलेल्या फुटाण्यांसारखी होती, वेचता वेचता हात दुखून आले होते. आता एकेक आपण होऊन आपल्या जागेवर जाऊन बसत होतं. मी तिला मधेच विचारलं, पळसाची पानं कुठे? ती बोलायच्या आत मीच म्हणालो, कमरेवर, लग्नं तेव्हा असतात, पत्रावळी लागतात. ती हसली. या वेळचं हसू वेगळं होतं. मग मी भरभर विचारत गेलो आणि मीच सांगत गेलो. डिंक? बेहडा? जी वस्तू मला कोणी सांगितलीच नव्हती, तिचीसुद्धा रिकामी जागा मला दिसायला लागली. मी म्हटलं, बुडाच्या वेळी, दोन-तीन दिवस पाऊस उघडत नाही तेव्हा चुलीत काय घालता? इतवारी दारात उभा होता, तो कपाळावर हात मारून म्हणाला, "अरे बापा! वाळल्या लाकडाचं सांगाचंच राह्यलं." पंचवीस घरं वर्षभर ज्यावर शिजवून खातात तेच एकशे त्रेचाळिसात नव्हतं!

मी विचारलं, "सुकरीबाई, माझी यादी ऐकून पहिल्या दिवशी काऊन हसलीस?"

ती म्हणाली, "तू सामानाचं नाव इचारलं, बाबू. सामान कोनासाठी हाय ते नाई इचारलं. ते इचारलं की सामान आपली जागा आपनच सांगते."

त्याच दिवशी मी नवा ताव घेतला आणि वर ढोलीचं चित्र काढलं. कचेरीच्या कागदावर चित्र काढलं म्हणून भैयाजी मला फाडून खातील असं वाटत होतं. चार भाग केले, छाती, कंबर, गुडघा, बूड. सगळं एका तावात बसलं आणि खाली चार बोटं जागा उरली. काल साहेब घोड्यावरून स्वतः आले. त्यांनी कागद वाचला, सुकरीच्या घरात जाऊन ढोलीवर स्वतः ठोकून पाहिलं, आणि बाहेर येऊन म्हणाले की श्रावणात वास्ते तोडायची बंदी घालायचा मनसुबा होता, तो आता घालता येणार नाही. टोळाचं नाव त्यांनी स्वतःच्या हातानं पुन्हा लिहिलं. लाल शाईनं! गावानं मला मोहाची भाकर खाऊ घातली. एकच खाल्ली, दुसरं काही प्यायलो नाही, तुझी शप्पथ.

पण हे सगळं झाल्यावर मी एकटाच मोहाखाली बसलो होतो आणि सुकरीचं वाक्य डोक्यातून जाईना. सामान कोनासाठी हाय. मी तुझ्या फळीबद्दल दोन पत्रं लिहिली, त्यांत डबे, भांडी, माहेर, सासर सगळं आलं. ती फळी कोणासाठी होती हे मी एकदाही विचारलं नाही. तुझ्यासाठी तर ती नव्हतीच. तुला वाकावं लागत होतं.

उद्या इथून निघतो. घरी जाऊन फळी पाहिल्याशिवाय पुढचं लिहिणार नाही.

नानाजी


आरमोरी, ता. २८ मार्च १९५४

शकू,

घरी आलो आणि पायातल्या वहाणा न काढता चुलीपाशी गेलो. बारा डबे चिठ्ठ्यांसकट उभे होते, कवायतीच्या शिपायांसारखे. सगळे खाली काढले. फळीवर तुझ्या जुन्या भांड्यांच्या खुणा तशाच आहेत: तेलाची कडी, हळदीचा पिवळा डाग, बोळक्याच्या बुडाचा मातकट गोल. भिंतीत जुन्या खिळ्यांची भोकंही आहेत. मी फळी उतरवून पुन्हा त्या भोकांवर ठोकली. माळ्यावरून भांडी काढली आणि ज्याची त्याची खूण शोधून ठेवत गेलो. बोळकं बसलं, पितळी डबा बसला, बांबूची नळी बसली. तिखटाची वीट अंगणात होती, ती धुऊन आणली.

मग मी त्या फळीपुढे बसलो आणि स्वतःला विचारलं, ही उंची कोणाची? बसल्या जागी ज्याचा हात सरळ जातो, त्याची. आपल्या घरात एवढं ठेंगणं माणूस एकच आहे.

मी डोळे मिटले. हात पुढे केला. पहिल्यांदा बोटांना खरखरीत माती लागली: मीठ. त्याच्या पुढे थंडगार पितळ: साखर. मग गोल, गुळगुळीत बांबू. तिखट कुठेच हाताला आलं नाही, हात मुद्दाम विटेवर नेल्याशिवाय ते येऊच नये अशी ती जागा होती. दोऱ्याच्या गाठी का होत्या तेही कळलं. कापताना मी मोजल्या होत्या, मिठाला एक, साखरेला दोन.

शकू, मायला दिसत नाही.

केव्हापासून? दोन वर्षं झाली असतील. तांदूळ निवडणं सुटलं तेव्हापासून, कीर्तन सुटलं तेव्हापासून. मी रोज तिच्यासमोर जेवलो आणि मला कळलं नाही. ती माझ्या वहाणांच्या आवाजावरून मला ओळखायची आणि मी समजत होतो, वाट पाहते. आणि मी काय केलं? पत्र्याचे बारा सारखे डबे आणले, त्यांवर चिठ्ठ्या लावल्या! खीर मायनं केली होती ना? खीर नेहमी तीच करते. मीठ तिच्या हातून पडलं आणि बोलणी तू खाल्लीस, पाहुण्यांदेखत, आणि मान वर केली नाहीस. मी चुलीपुढे बसून रडलो. लपवत नाही. मी तुझा अपराधी आहे, तिचा त्याहून जास्त.

भैयाजींना सगळं सांगितलं. ते या वेळी मिशीत हसले नाहीत. त्यांच्या सासऱ्याचा मोतीबिंदू नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात काढला, आता तो म्हातारा धानातला खडा वेचतो म्हणे. मी पंधरा दिवसांची रजा लिहून दिली आहे. मायचं मन वळव, ती घाबरेल. तिला सांग, डोळे बरे झाले नाहीत तरी खीर तीच करेल. तिला खाटेवर बसवून ठेवणार नाही.

हे उत्तर बरोबर असेल तर ये. बरोबर नसेल तरीही ये. मला आता हट्ट उरलेला नाही.

एक गोष्ट मात्र राहिली. मीठ आणि साखर यांच्या मधोमध, हात टाकला की सगळ्यात आधी सापडेल अशा ठिकाणी वाटीएवढी एक लहान खूण आहे. तिच्यावर बसेल अशी एक डबी माळ्यावर मिळाली, पण उंदरांनी झाकण पाडून ती साफ केलेली आहे. एक तीन गाठींचा दोराही होता, तो बहुधा तिचाच. एवढ्या मोक्याच्या जागी काय होतं, मला काही केल्या आठवत नाही. एवढं एक तू सांग.

तुझा,
नानाजी


मूल, ता. ३ एप्रिल १९५४

तुमाले शकूचा नमस्कार. या खेपेले कार्डावर मावत नाई म्हनून पाकीट घेतलं.

तुमचं पत्र मायले वाचून दाखवलं. "मायला दिसत नाही" इथी मी थांबली, तर म्हनते, वाच, पुढे वाच. अख्खं दोनदा वाचाले लावलं. मंग पदर डोळ्याले लावून हसली अन् म्हनाली, "आता त्याचं त्यालेच समजलं, आता तुही शपथ सुटली." मले तिनं देवापुढे शपथ घातली होती. त्याले समजलं तर तो मले कोपऱ्यात बसवून ठेवते, चुलीपाशी येऊ देत नाई, असं तिले वाटे. म्हनून मले सांगता येत नव्हतं. तुमाले शोधता येत होतं, म्हनून तसं बोलून गेली. तुमाले लय दिवस लागले. पन आले.

माय म्हनते, "खीर मीच केली हे त्याले लिव, अन् शकूले बोलला त्याचं मी घरी येऊन पाहतो." तवा तयारीत राहा. नागपूरले जाले ती कबूल झाली. पन डोळे आले तरी फळी खालीच पायजे, असं बजावून सांगितलं हाय. सुकरीबाईले मी एकदा पाहीन म्हनतो. तिले लुगडं न्याचं हाय.

सोमवारच्या गाडीनं आमी निघतो. नागभीडवरून वडशाले उतरू. टेसनावर बैलगाडी घेऊन या, अन् गाडीत गवत जास्त टाका, मायचे गुडघे खरंच दुखते.

आता तुमची ती लहान डबी. तीन गाठीची, सगळ्यात आधी हाताले लागनारी. ती तुमची होती. तुमच्या वहाणा दारात वाजल्या की माय तिच्यात हात घाले अन् तुमच्या हातावर गूळ-फुटाणे ठेवे. रोज खाल्ले, डबी कधी पाह्यली नाई.

फुटाणे आमी इथून घेऊन येतो. गूळ तेवढा तुमी आणून ठेवा.

शकू